दह्याची वाटी आणि राहून गेलेली तपासणी

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत बायकांच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. भिजलेले कपडे लोकलच्या गर्दीत अंगावरच वाळतात, कुणाला खाज सुटते, कुणाचं अंगावरून पांढरं जाणं वाढतं. एकजण सांगते, रोज वाटीभर दही खा, त्यातले चांगले जंतू बुरशीला मारतात. दुसरी तितक्याच ठामपणे सांगते, दही आधी बंद कर, दह्यानेच हे सगळं वाढतं. महिला मंडळांच्या आरोग्यविषयक कार्यक्रमांतही हल्ली हा प्रश्न येतो, वक्त्या आपापली बाजू घेतात, आणि तासभर दह्यावर बोलून सगळ्या घरी जातात. मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या गप्पांमधल्याच बायका बऱ्याच महिन्यांनी, त्रास अंगवळणी पडल्यावर, आमच्याकडे येतात. "ताई, दही चालू ठेवू की बंद करू?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. नक्की काय झालंय, हा प्रश्न तोवर कुणी विचारलेलाच नसतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. दही हे यीस्ट इन्फेक्शनचं, म्हणजे योनीमार्गातल्या बुरशीच्या आजाराचं, औषध नाही आणि कारणही नाही. आवडत असेल, पचत असेल तर रोज खावं. पण खाजेवरचा उपाय म्हणून जी बाई दह्याची वाटी हातात घेते ती तपासणी पुढे ढकलते, आणि खाजेला घाबरून जी दही सोडते तीही तपासणीच पुढे ढकलते. दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात खऱ्या, पण या आजाराचा निकाल स्वयंपाकघरातच लागेल, यावर दोघींचं एकमत आहे. माझा विरोध या एकमताला आहे.

दही नको म्हणणाऱ्यांचं आधी बघू. त्यांच्या बोलण्याला परंपरेचा आधार आहे. चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि दही कफ वाढवतं ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. कुणाला दह्याने जड वाटत असेल, सर्दी होत असेल, तर तिने खाऊ नये. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पण योनीमार्गातल्या बुरशीचं खापर दह्यावर फुटतं ते बहुधा दिसण्यातल्या सारखेपणामुळे. या आजारात जाणारा स्राव पांढरा, घट्ट, फुटक्या दह्यासारखा असतो. जे दिसतं दह्यासारखं ते आलंही दह्यातूनच, असा हा तर्क. प्रत्यक्षात ही बुरशी, कॅन्डिडा अल्बिकन्स, दुधातली साखर वापरू शकत नाही. ती बाहेरून कुठूनतरी येते असंही नाही. काही त्रास नसलेल्या निरोगी बायकांपैकी दहा ते वीस टक्के जणींच्या योनीमार्गात ती गुपचूप राहत असते. अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला, गर्भारपण आलं, रक्तातली साखर हाताबाहेर गेली, स्टिरॉइड सुरू झालं की ती माजते. मग पथ्य दह्याचं पाळायचं की साखर तपासायची?

दही खा म्हणणाऱ्यांची बाजू याहून भक्कम आहे, आणि ती भक्कम आहे हे मान्य करूनच पुढे जायला हवं. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे बाकीच्या जंतूंना जम बसवता येत नाही. १८९२ साली जर्मनीत आल्बर्ट डोडरलाइन यांनी या जंतूंचं वर्णन केलं तेव्हापासून हे शास्त्राला माहीत आहे. दह्यातही त्याच कुळातले जंतू असतात. त्यामुळे दही खाल्लं तर योनीमार्गाची ताकद वाढेल, ही कल्पना अडाणी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढतं असं लिहिलं होतं. घरगुती उपायांमागे कधी कधी मोठं सत्य असतं हेही खरं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांना वेगवेगळे उपाय दिले, आणि बरे झाले ते संत्री-लिंबं खाणारे.

दह्याच्या बाजूने प्रयोगही झाला आहे. १९९२ साली न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात पुन्हा पुन्हा यीस्ट इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना सहा महिने रोज सुमारे सव्वादोनशे ग्रॅम दही दिलं, आणि सहा महिने दिलं नाही. दही न खाण्याच्या काळात सरासरी अडीच वेळा इन्फेक्शन झालं, खाण्याच्या काळात एकदाही पुरतं नाही, ०.३८. दह्याची बाजू घेणारे आजही जो आकडा सांगतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. २०१२ मध्ये कैरोत गर्भवती बायकांवर मध आणि दह्याचं मिश्रण योनीमार्गात लावून पाहिलं गेलं, आणि खाज, आग, स्राव यांत औषधाच्या गटापेक्षाही जास्त जणींना आराम पडला. एवढं असताना नाही म्हणणारी मी कोण?

पण हेच अभ्यास शेवटपर्यंत वाचावे लागतात. न्यूयॉर्कच्या प्रयोगात निवडलेल्या बायका होत्या ३३, आणि तो पूर्ण केला फक्त १३ जणींनी. कोण दही खातंय आणि कोण नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. दह्याने बरं वाटतंय अशी खात्री झालेल्या काही जणी तर दही बंद करायलाच तयार झाल्या नाहीत. त्यांचा तो निर्णय मला समजतो, पण त्यामुळे तुलना मोडली. शिवाय त्या दह्यात मुद्दाम लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस घातलेला होता. आपल्या घरी विरजण लागतं ते शेजारच्या काकूंकडून आणलेल्या चमचाभर दह्याने. त्यात लॅक्टोकॉकस असतात, इतर अनेक जंतू असतात, पुष्कळदा यीस्टही असतं, आणि घराघरात ते वेगळं असतं. बाजारातल्या योगर्टमध्ये मुख्यतः बल्गेरिकस आणि थर्मोफिलस हे दोन जंतू. योनीमार्गात मुक्काम करणारे जंतू, क्रिस्पॅटस, जेन्सेनाय, गॅसेराय, हे यांच्यापेक्षा निराळे. कैरोच्या अभ्यासातली दुसरी ओळ तर फारशी कुणी सांगतच नाही: आराम जास्त पडला मध-दह्याच्या गटात, पण तपासणीत बुरशी नाहीशी झाल्याचं प्रमाण जास्त निघालं औषधाच्या गटात. थंड, मऊ पदार्थाने आग शमते. बुरशी तिथेच राहते.

मेचनिकॉफचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. दह्यातला बल्गेरिकस आतड्यात ठाण मांडतो आणि तिथल्या वाईट जंतूंना हटवतो, असा त्यांचा विश्वास होता. युरोपात त्यावर आंबट दुधाची लाट आली. १९२० च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी तपासून पाहिलं तर हा जंतू माणसाच्या आतड्यात वस्तीला राहतच नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ, एवढी सुंदर कल्पना, पण तपासल्यावर टिकली नाही. लिंडच्या लिंबांचं महत्त्वही ती लिंबं होती म्हणून नाही, तर त्याने शेजारी शेजारी ठेवून तुलना केली म्हणून आहे. दह्याच्या जंतूंचीही अशी तुलना झाली आहे. २००४ साली मेलबर्नमध्ये अँटिबायोटिक घेणाऱ्या दोनशेहून अधिक बायकांना लॅक्टोबॅसिलस तोंडावाटे, योनीमार्गातून, किंवा दोन्हीकडून देऊन पाहिला. यीस्ट इन्फेक्शन टळलं नाही, आणि फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पुढे २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा निघालं ते एवढंच: बुरशीच्या औषधाला प्रोबायोटिकची, म्हणजे अशा चांगल्या जंतूंची, जोड दिली तर थोड्या दिवसांपुरता काहीसा फायदा दिसतो, पुरावा मात्र कच्चा आहे. हेही कॅप्सूल आणि योनीमार्गातल्या गोळ्यांबद्दल आहे, जेवणातल्या वाटीबद्दल नाही.

आणि एक गोष्ट मी रोज डोळ्यांनी बघते. दह्याच्या बाजूचा सगळा युक्तिवाद असा की योनीमार्गातलं आम्ल कमी झालं म्हणून बुरशी आली, तेव्हा आम्ल वाढवा. पण यीस्ट इन्फेक्शनमध्ये आम्ल बहुतेक वेळा ठीकच असतं, पीएच साडेचारच्या आत (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). ग्रॅम रंग दिलेली स्लाइड भिंगाखाली धरली की बुरशीच्या जांभळ्या कळ्या आणि त्यांतून निघालेले लांब धागे दिसतात, आणि त्यांच्या शेजारीच लॅक्टोबॅसिलसच्या जांभळ्या काड्या, कधी कधी भरपूर. ज्यांना दह्यातून पाठवायचं म्हणतात ते तिथे आधीच हजर असतात आणि बुरशी तरीही वाढलेली असते. आम्ल खरंच कमी होतं ते दुसऱ्या एका आजारात, बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये. तिथे स्राव पातळ, करडा असतो, त्याला मासळीसारखा वास येतो, आणि स्लाइडवर पेशींच्या कडा जंतूंनी माखलेल्या दिसतात. तिसरा आजार ट्रायकोमोनासचा: पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव, आणि ताज्या थेंबात शेपट्या हलवत फिरणारे नासपतीच्या आकाराचे जीव. नमुना लवकर बघितला नाही तर ते निपचित पडतात आणि ओळखू येत नाहीत.

दह्याच्या वादात हे तीन आजार कुणी वेगळे करतं का? खाज, स्राव, आग झाली की सगळ्यांना एकच नाव, यीस्ट. २००२ साली अमेरिकेत एक साधा अभ्यास झाला. दुकानातून स्वतःच्या मनाने बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर निव्वळ यीस्ट इन्फेक्शन निघालं जेमतेम एक तृतीयांश जणींना. उरलेल्यांना दुसरंच काही होतं, किंवा एकापेक्षा जास्त गोष्टी होत्या, आणि काही जणींना तर काहीच झालेलं नव्हतं. आता बुरशीच्या औषधाच्या जागी दही ठेवा. तीन बायका महिनाभर दही खातात. एकीला काही झालेलंच नसतं, पाळीच्या मधल्या दिवसांतला नेहमीचा स्राव असतो, तो आपोआप कमी होतो आणि ती दह्याचे गुण गाते. एकीला व्हजायनोसिस असतं, तिचा त्रास कमीजास्त होत राहतो. एकीला ट्रायकोमोनास असतो; तो दह्याने जात नाही, नवऱ्यालाही औषध दिल्याशिवाय पुन्हा पुन्हा येतो. आपल्या कानावर येते ती फक्त पहिलीची गोष्ट.

व्हजायनोसिस गर्भारपणात असेल तर बाळ वेळेआधी जन्माला येण्याचा धोका वाढतो. ट्रायकोमोनासमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो. दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव आणि संबंधानंतर रक्त जाणं ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात, आणि भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो. म्हणून 'दही खाऊन तर बघ, नुकसान काय आहे' हे वाक्य मला पटत नाही. दह्याने नुकसान होत नाही, मध्ये गेलेल्या महिन्यांनी होतं.

इथे मला एक आक्षेप नेहमी ऐकवला जातो, आणि तो सर्वांत रास्त आहे. डॉक्टरकडे जा म्हणणं सोपं, जाणं सोपं आहे का? रबाळे-महापेच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईने सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार सोडायचा. लग्न न झालेली मुलगी गेली तर तिला आधी लग्नाचं विचारतात, मग आतून तपासायचं टाळतात. स्त्री डॉक्टर नसेल तर बाई तोंडच उघडत नाही. आणि एवढं करून मिळतं काय? पुष्कळदा न तपासताच लिहिलेली चिठ्ठी. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये स्रावासाठी जे हिरवं किट देतात, त्यात बुरशीवरचं फ्लुकोनाझोल आणि बाकी दोन आजारांवरचं सेक्निडाझोल दोन्ही असतात: बुरशी असो, व्हजायनोसिस असो, ट्रायकोमोनास असो, एकातच सगळं. बरं, औषधही दरवेळी पुरं पडत नाही. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना सहा महिने दर आठवड्याला फ्लुकोनाझोल दिलं, तर तोवर नव्वद टक्के जणी ठीक होत्या. औषध थांबवून सहा महिने झाले तेव्हा त्रासाशिवाय राहिलेल्या बायका निम्म्याहून कमी उरल्या. मग बायकांनी दह्याकडे वळू नये तर काय करावं?

हे सगळं मला मान्य आहे. पण याचा अर्थ असा निघतो की तपासणी सोपी आणि नीट व्हायला हवी. तपासणीच्या जागी दही ठेवा, असा निघत नाही. लक्षणांवरून किट देण्याची पद्धत आली ती जिथे भिंगच नाही अशा ठिकाणांसाठी, आणि तिथे ती योग्यच आहे. ठाणे आणि नवी मुंबई ही तशी ठिकाणं आहेत का? पीएचच्या कागदाची पट्टी, मिठाचं पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर पंधरा मिनिटांत बहुतेक निदान होतं. मी हे रोज करते, म्हणून खात्रीने सांगते.

बायकांच्या या दुखण्यांना घरातच ठेवण्याची किंमत आपल्या भागाने पूर्वी मोजलेली आहे. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या त्या कल्याणला. चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ नीट उपचारांअभावी दहा दिवसांत गेलं. पुरुष डॉक्टरपुढे बायका दुखणं उघड करत नाहीत म्हणून आपल्याकडे स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत मांडलं आणि १८८६ मध्ये पदवी घेतली. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून या विषयांवर उघड लिहिलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. आणि १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे छापलं, ते वाचून जगातले डॉक्टर हादरले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त आठ टक्के. त्या बायकांच्याही घरी उपाय होतेच की. प्रत्येक घरात काही ना काही सांगणारी सासू, आत्या, शेजारीण होती. त्यांना कमी होतं ते कुणीतरी तपासण्याचं.

गडचिरोलीपेक्षा आपण फार पुढे आलो असं वाटत असेल तर राम मारुती रोडवरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात संध्याकाळी थोडा वेळ उभं राहावं. बाई येते, पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला शाम्पूच्या बाटल्या चाळत थांबते, मग हळू आवाजात 'खाजेचं मलम' मागते आणि ट्यूब पर्समध्ये खोल सरकवते. कुठे खाज, किती दिवस, वास येतो का, कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइडही असतं. त्याने दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. तीव्र स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झालेला आहे.

आता या वादात ज्याचं नावही निघत नाही असं एक कारण सांगते, कारण ते आपल्या शहरांत झपाट्याने वाढतंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. डापाग्लिफ्लोझिन नावाचं मधुमेहाचं एक चांगलं औषध आहे. २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं, किमती उतरल्या, आणि आता ते सर्रास लिहिलं जातं. ते रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. लघवीत साखर आली की त्या जागी बुरशीला खाद्य मिळतं, आणि गुप्तांगाचं यीस्ट इन्फेक्शन हा या औषधाचा डॉक्टरांना ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. हृदयाला आणि किडनीला त्याचे फायदे मोठे आहेत, म्हणून कुणी ते आपल्या मनाने बंद करू नये. पण गोळी लिहिताना 'खाज आली तर लगेच या' एवढं पेशंटला सांगितलं जातं का? पन्नाशीच्या बाईला गोळी सुरू होते, दोन महिन्यांत खाज सुटते, या दोन गोष्टींचा संबंध तिला कळत नाही. मुलगी सांगते आई दही खा, नणंद सांगते वहिनी दही सोडा. शुगरची फाइल कपाटातच राहते, आणि मधुमेहाच्या डॉक्टरला ती लाजेने काही बोलत नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्वयंपाकघराबाहेरच्या आहेत. मधुमेहाच्या प्रत्येक ओपीडीत बाईला हा प्रश्न डॉक्टरने स्वतःहून विचारावा, तिने तो काढण्याची वाट बघू नये. दुकानदाराने मलम देण्याआधी किमान गरोदरपणाचं आणि किती दिवसांचा त्रास आहे ते विचारावं. गर्भारपणात बुरशीसाठी तोंडावाटे गोळी टाळतात, योनीमार्गातलं औषध सात दिवस देतात, हे त्याला माहीत असायला हवं. वर्षात तीनदा त्रास झाला तर कल्चर करून, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून, तिची जात बघावी, कारण कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या जातींवर नेहमीचं औषध नीट चालत नाही. आणि दोन्ही महापालिकांनी कळवा-मुंब्र्यापासून दिघा-तुर्भ्यापर्यंतच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यानंतरच्या वेळेत, स्त्री डॉक्टर बसवावी आणि तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक द्यावा. नमुना घेतल्यावर तिथल्या तिथे बघायची सोय हवी; दुसऱ्या दिवशी गाडीने लॅबमध्ये पाठवलेल्या नमुन्यात ट्रायकोमोनास सापडत नाही.